चिखलात उजेड सोडणारे मामेसासरे

जमिनीवर चालणारी माणसं नागपुरात लाखांनी असतील, पण जमिनीला विचारून चालणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. 'विचारून' हा शब्द मी शोभेसाठी वापरत नाही. ओल्या शेताच्या बांधावर पोचलं की मामा चपला काढायचे, पँट गुडघ्यापर्यंत वर सरकवायचे, वाकून चिमूटभर माती बोटांत चोळायचे, हुंगायचे, आणि मग एकतर "चला" म्हणायचे, नाहीतर "आज नाई, आज ते दमली हाये" असं सांगून सगळ्यांना बांधावरून लांबचा वळसा घालायला लावायचे. ओल्या काळ्या मातीवर पाय पडला की तिच्यातली बारीक भोकं दबतात आणि आतल्या मुळांची हवा कोंडते, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की पुढेपुढे मी शाळेच्या मैदानावरूनसुद्धा चवड्यांवर चालायला लागलो. "माणूस हवेशिवाय किती वेळ राहते, जावईबापू? दोन मिनिटं? मुळायचं बी तसंच हाये. फरक इतकाच का थे ओरडत नाईत."

त्यांची माझी पहिली भेट माझ्याच लग्नात झाली, आणि ती थोडी उशिरा झाली. नवरीला मांडवात आणायचं ते मामानं, आणि मुहूर्ताची घटका भरत आली तरी मामांचा पत्ता नव्हता. भटजींनी वेळ काढायला दोन जादा मंगलाष्टकं म्हटली, तिसरं त्यांना पाठ नव्हतं. अखेर कोणीतरी मामांना स्वयंपाकाच्या मांडवामागून शोधून आणलं. तिथं तांदूळ धुतल्याचं पाणी दोन दिवस मुरत होतं, आणि तिथली माती वरून तांबूस असूनही आतून काळी का पडली, हे बघायला ते कोपरापर्यंत हात घालून बसले होते. हात धुवायला वेळ कुठला? तसेच आले, भाचीच्या खांद्यावर हात ठेवून तिला माझ्यासमोर उभं केलं, आणि शालूवर पाच बोटांचा काळा ठसा उमटला. तो पुढे कशानंच गेला नाही. अक्षता पडल्यावर त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "तुमच्या अंगणातली माती कशी हाये? काळी का मुरमाड?" मी दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. अंगण नाही हे कळल्यावर भाचीच्या काळजीनं त्यांचा चेहरा जो उतरला, तसा माझा मास्तरकीचा पगार ऐकून सासऱ्यांचाही उतरला नव्हता.

मामा एका कॉलेजात मातीच्या प्रयोगशाळेत सहायक होते. म्हणजे विद्यार्थ्यांच्या आधी येऊन शिशा धुवायच्या, द्रावणं करून ठेवायची, आणि प्राध्यापक जे शिकवतील ते टेबलावर मांडून द्यायचं. घराणं विणकरांचं. वडिलांच्या मागावर लहानपणी तुटलेला धागा जोडता जोडता त्यांच्या बोटांना अशी नजर आली होती की प्रयोगशाळेतल्या कुठल्याही तराजूचा, कुठल्याही तारेचा दोष ते डोळे मिटून चाचपून सांगत. शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेलं नाही, पण वाचनालयात येणारी परदेशी नियतकालिकं ते कोशाच्या आधारानं, एकेका शब्दाला ठेच लागत, पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचत. वाचलेलं समजलं की नाही याची खूण म्हणजे मान. समजलं की मान हळूहळू डोलायची, नाही समजलं तर तेच पान दुसऱ्या दिवशी.

घरी तर मातीचं राज्य होतं. सक्करदऱ्याच्या त्यांच्या दोन खोल्यांत खिडकीच्या कट्ट्यावर मामींच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी मामांच्या बरण्या असत. प्रत्येकीत चिखल, वर बोटभर पाणी. चिखल वरच्या बाजूला तपकिरी, त्याखाली राखाडी, आणि तळाशी काजळीसारखा काळा होत जाई, आणि तो कुठे कुठे रंग बदलतो याच्या खुणा मामा बरणीवर रोज करीत. एकदा सणाच्या पंगतीत मामींनी मला "कट्ट्यावरची जवसाची चटणी घ्या" म्हटलं आणि मी हात लांबवून भलतीच बरणी उघडली. वासावरून शंका यायला हवी होती, पण जावयानं सासुरवाडीच्या पदार्थाला नाक मुरडू नये असं आमच्या आईनं बजावलं होतं. मामींनी कपाळाला हात लावला. मामांनी मात्र माझा घास पोटात जाईपर्यंत थांबून, मोठ्या उत्सुकतेनं विचारलं, "खारट लागली का जराशी?"

धान या पिकाबद्दल त्यांना अपार आदर होता. गव्हाबद्दल ते बरं बोलत, कापसाबद्दल नाइलाजानं बोलत, पण धानाचा विषय निघाला की त्यांचा आवाज खाली येई. चिखलात हवा नसते, तरी धान मजेत उभं राहतं, कारण ते आपल्या पोकळ देठातून वरची हवा खाली मुळांपर्यंत नेतं. हे मला पटावं म्हणून त्यांनी एकदा बांधीतून, म्हणजे धानाच्या पाणथळ वाफ्यातून, एक चूड मुळांसकट उपटून माझ्यासमोर धरलं. राखाडी गाळात प्रत्येक मुळाभोवती तांबूस गंजाची बारीक नळी तयार झालेली होती. "हे पाहा. मुळातून हवा बाहेर झिरपली, तिथं चिखलातल्या लोखंडाले गंज चढला. धान सोता तर जगतेच, वरून शेजाऱ्याले बी हवा देते. आपल्या चाळीत असा एक तरी शेजारी हाये का?" त्याच सकाळी त्यांच्या शेजाऱ्यानं नळावर मामींची बादली मागे सारली होती.

मातीत हवा आहे की नाही हे वासावरून आणि रंगावरून ते सांगत, पण त्यांना ती मोजायची होती. हवा म्हणजे त्यातला प्राणवायू, पण मामांच्या तोंडी तो नेहमी 'हवा' असाच असे. प्रयोगशाळेत एक जुनं विजेवर चालणारं साधन होतं, त्याच्या टोकाला मौल्यवान धातूची तार असे. ते पाण्यात ठीक चाले, पण चिखलात खुपसलं की आकडा उतरतच जाई. मामांनी वर्षभर त्याच्याशी झुंज दिली आणि मग निकाल दिला: "हे यंत्र मोजता मोजता हवाच खाऊन टाकते. घरी भाकरी किती उरल्या हे मोजाले आलेला पाव्हना भाकरीच खात बसला, तर खरा आकडा कोनाले सापडीन?" मध्यंतरी ती तार तुटली, आणि सोन्याची तारही चालते असं कुठेतरी त्यांच्या वाचनात आलं. त्या आठवड्यात मामींच्या बांगड्यांकडे ते ज्या नजरेनं बघत, ती बघून मामींनी बांगड्या काढून माहेरी ठेवून दिल्या.

खरी गोष्ट सुरू झाली ती सीताबर्डीच्या बाजारात. माझ्या मेव्हणीचं लग्न ठरलं होतं आणि मामांना आहेर घ्यायचा होता, म्हणून आम्ही दोघं निघालो. इलेक्ट्रिकच्या वस्तूंच्या एका दुकानात शोभेचा दिवा ठेवला होता. त्या काळी त्याचं मोठं कौतुक होतं: खाली एक बल्ब, वर प्लास्टिकचे केसासारखे शेकडो दोरे कारंज्यासारखे पसरलेले, आणि प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला उजेडाचा एकेक ठिपका. लोक येत, बघत, पुढे जात. मामा पुढे गेले नाहीत. त्यांनी एक दोरा दोन बोटांत धरला, वाकवला, टोक मुठीत झाकलं, मूठ उघडली. "जावईबापू, दोरा वाकला तरी उजेड वाकून राहिला पाहा. अंगातून गळत नाई, टोकालेच निघते." दुकानदारानं तीनदा विचारलं, "बाबूजी, लेना है क्या?" चौथ्यांदा विचारण्याआधी मामांनी दिवा बांधायला सांगितला. लग्नात तो आहेर पोचला खरा, पण तोवर त्याचे अर्धे दोरे नाहीसे झाले होते आणि उरलेला दिवा मुंज झालेल्या बटूसारखा दिसत होता. मेव्हणीनं तो आजही जपून ठेवला आहे. तिला वाटतं तसलीच फॅशन होती.

मामांच्या डोक्यात काय होतं ते त्यांनी मला चाळीच्या जिन्यात बसून समजावलं, आणि मला समजलं म्हणजे कोणालाही समजेल. काही रंग असे असतात की त्यांच्यावर निळा उजेड टाकला की ते स्वतः नारिंगी तेजानं उजळतात. पण जवळपास प्राणवायू असेल तर तो त्या रंगाचं तेज विझवतो. जितकी हवा जास्त तितकं तेज मंद, जितकी हवा कमी तितकं तेज प्रखर. म्हणजे दोऱ्याच्या टोकाला असा रंग चिकटवायचा, काही दोऱ्यांतून निळा उजेड चिखलात सोडायचा, शेजारच्या दोऱ्यांतून परत येणारं नारिंगी तेज मोजायचं. उजेड हवा खात नाही, त्यामुळे भाकरीची चोरी नाही. मामींनी भाजी निवडता निवडता एवढंच विचारलं, "म्हंजे जिथं जीव गुदमरते, तिथंच दिवाळी?" मामांची मान हळूहळू डोलली. "हो वं," ते म्हणाले, "तसंच हाये ते."

तो रंग मिळणं कठीण होतं. मामांनी ज्याला कधीकाळी शिशा कशा धुवायच्या ते शिकवलं होतं असा एक विद्यार्थी मोठ्या संशोधन संस्थेत गेला होता, त्याला पत्र टाकलं. दोन महिन्यांनी काड्यापेटीत कापूस घालून नखाएवढी कुपी आली. तिच्यातला रंग मामांनी मासे पाळण्याच्या काचपेट्या सांधायच्या रबरात कालवला आणि दोऱ्यांच्या टोकावर त्याचा पातळ थेंब बसवला. दोऱ्याचं टोक आरशासारखं कापलं गेलं पाहिजे, नाहीतर उजेड सांडतो. दाढीच्या पात्यानं ते काम त्यांच्या बोटांनी असं केलं की मागावरचे त्यांचे वडील आठवावेत. दोऱ्यांची जुडी छत्रीच्या पोकळ दांडीत घातली. मोटारीच्या दिव्याचा बल्ब, नाटकवाल्यांकडची निळी काच, रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं जोडून दिलेलं उजेड ओळखणारं एक बटणाएवढं उपकरण, आणि प्रयोगशाळेच्या भंगारातली काट्याची तबकडी, हे सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसलं. फोटोवाल्याकडच्या एका क्षारानं पाण्यातली हवा पार संपवून टाकता येते, त्या पाण्यात काटा जिथं चढे तिथं त्यांनी 'शून्य हवा' लिहिलं, आणि खळखळून हवा मिसळलेल्या पाण्यात काटा जिथं उतरे तिथं 'पुरी हवा'.

पहिली परीक्षा सक्करदऱ्याच्या तलावावर झाली. उजाडता उजाडता मामा कमरेएवढ्या पाण्यात दांडी खुपसून उभे, काठावर डबा धरून मी. धुणं घेऊन आलेल्या एका बाईनं बराच वेळ पाहिलं आणि शेवटी तिला राहवलं नाही. "काहून गा बावा, काय हरपलं?"

"हवा," मामा म्हणाले.

"कोनाची?"

"चिखलाची."

तिनं माझ्याकडे अशा काही कीवेनं पाहिलं की मी डब्याआड तोंड लपवलं. मामा दांडी केसाकेसानं खाली सोडत होते आणि मी काटा वाचत होतो. पाणी संपून गाळ लागेपर्यंत काटा हलला नाही. गाळात दांडी शिरली न शिरली तोच तो झपकन चढला. "तांदळाचे दोन दाणे एकावर एक ठेवा," काठावर येऊन थरथरत मामा म्हणाले, "बस, तेवढ्यातच हवा खतम!" थंडीनं त्यांचे दात वाजत होते आणि चेहरा बारशाच्या घरासारखा फुलला होता.

अशा माणसाला लोक हसतात, आणि आम्हीही हसत होतो, तोवर कुहीहून निरोप आला. कुहीला मामांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या बायकोची मावशी, राहायची. तिच्या सासरीही माग होते. ते बंद पडल्यावर तिनं हिंमत धरून जमीन कसायला घेतली आणि धानाच्या मुलखात चक्क संत्र्याची बाग लावली. विणकराची बाग म्हणून गावानं टिंगल केली, पण मावशीनं डोक्यावर घागरी वाहून ती झाडं जगवली होती. आठ वर्षांची ती बाग आता पिवळी पडत होती. शेंड्याकडून फांद्या वाळत होत्या. एका जाणत्या साहेबांनी येऊन पाहिलं आणि सांगितलं की हा रोग आहे, पसरायच्या आत दोनशेच्या दोनशे झाडं तोडून जाळा. मावशीच्या दोन्ही मुलांनी कुऱ्हाडींना धार लावून ठेवली होती, फक्त पोळ्यानंतरचे सण सरायची वाट होती.

मामांनी रजा टाकली. मला म्हणाले, "चला, काटा वाचाले मानूस पाहिजे." बसमध्ये डबा मांडीवर, स्कूटरची बॅटरी पायाशी, आणि छत्रीची दांडी हातात. कापड नसलेली छत्री घेऊन निघालेला माणूस पाहून कंडक्टरनं आम्हाला पुढची जागा दिली.

मावशी बागेच्या तोंडाशी उभी होती. उन्हानं रापलेली, सरळ, भावापेक्षा वीतभर उंच. तिनं डब्याकडे पाहिलं. "हे काय आनलं गा?"

"बाई, मुळं गुदमरून राहिली असतीन. मोजून पाहतो."

"साहेब पाहून गेला. रोग हाये म्हने."

"साहेबानं पानं पाहिली. खाली कोन पाहिलं?"

"तू कॉलेजात शिशा धुते," मावशी म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "त्याले सारा जिल्हा इचारते. म्या कोनाचं ऐकू?"

चपला काढून मामा आत शिरले. ऑक्टोबरमधलं रणरणतं ऊन होतं. एका पिवळ्या झाडाखाली त्यांनी सळईनं हातभर खोल भोक पाडलं, दांडी आत सोडली. काटा टोकाला गेला. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग हिरव्यागार झाडाखाली सोडली. काटा पुन्हा टोकाला. तिसऱ्या झाडाखाली तेच. थोरल्या मुलानं दांडी उपसून सरळ वर धरली आणि तबकडीत डोकावला. काटा तसाच टोकाला चिकटलेला. "मामा," तो म्हणाला, "हवेत बी हवा नाई का?"

गडी हसले, धाकटा हसला, बांधावरचा शेजारी हसला. मला तिथल्या तिथे जमीन दुभंगावी असं वाटलं. मामा मात्र हसणं थांबेपर्यंत उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझं चुकून राहिलं. काहून चुकते ते पाहू द्या." आणि तिथेच मातीत मांडी घालून बसले. मोठमोठ्या माणसांना मी चूक झाकताना पाहिलं आहे. भर बागेत, धाकट्यांच्या हसण्यात, आपल्याच बहिणीसमोर ती अशी उघड्यावर ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तासभर ते जुडीवरून बोटं फिरवत बसले. मावशी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्यांच्यावर वाकली, तशी तिची सावली डब्यावर पडली. काटा खाली आला. ती सरळ झाली, काटा वर गेला. "बाई, हलू नको!" मामा ओरडले. आतापर्यंतची सगळी मोजमापं खोलीतल्या अंधारात नाहीतर पहाटे झाली होती. दांडीच्या बाहेर राहिलेल्या दोऱ्यांना हे असलं ऊन कधी लागलंच नव्हतं. सूर्य त्यांच्यातून आत शिरून काट्याला भुलवत होता. मावशी तांब्या हातात धरून तशीच उभी, आणि मामा लहान मुलासारखे तिच्या सावलीत सरकत काटा बघतायत. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "घोंगडं आना रे कोनी," ती मुलांना म्हणाली.

उरलेली दुपार आणि दुसरा अख्खा दिवस मी आणि मामा घोंगड्याखाली होतो. ऑक्टोबरच्या उन्हात घोंगड्याखाली बसून पाहिल्याशिवाय मातीला श्वास कोंडल्यावर काय वाटत असेल याची कल्पना येत नाही, असं मी मामांना म्हटलं तर ते गंभीरपणे म्हणाले, "हेच तं सांगून राहिलो इतके वर्स." पण आता काटा खरं बोलत होता. हिरव्या झाडांखाली तो खाली राही. पिवळ्या झाडांखाली, हातभर खोलीवर, सरसर वर चढे. आम्ही ओळीओळीनं पुढे सरकलो, आणि मामांनी झाडागणिक मावशीच्या घरच्या चुन्यानं बुंध्यावर आकडा लिहिला. संध्याकाळी मावशी बागेतून एकटीच फिरली. आकडे जिकडे वाढत गेले होते तिकडे ती चालत गेली, आणि जिथं सगळ्यात मोठा आकडा होता तिथं थांबली. समोर बांध होता, आणि बांधापलीकडे शेजाऱ्याची धानाची बांधी पाण्यानं काठोकाठ भरलेली.

मामांनी तिथंच कुदळ मागितली आणि एका झाडाची मुळं उघडी केली. हातभर खाली ओल पाझरत होती, मुळांची साल हात लावताच सुटत होती, आणि सडक्या अंड्यांचा वास आला. "रोग नाई वं बाई. शेजारचं पानी आतून झिरपते. धानाले हवा वरून नेता येते, संत्र्याले नाई येत. हे झाडं बुडून राहिले, अन् आपल्याले वरून कोरडी जमीन दिसून राहिली."

मावशी खाली बसली. मग तिनं एक मूळ उचलून नाकाशी नेलं. मामा हुंगायचे अगदी तसंच. "आठ वर्स म्या यायले पानी पाजलं," ती म्हणाली, "अन् यायले पान्यानंच मारलं." पदरानं तोंड पुसून मुलांकडे वळली. "कुऱ्हाडी घरात ठेवा. एक बहर थांबतो."

बांधाला समांतर, छातीएवढा खोल चर खणायला अकरा दिवस लागले. मामांनी रजा वाढवली, आणि मला शाळेत परतणं भाग होतं म्हणून गडी म्हणून मी फक्त दोन दिवस उपयोगी पडलो. त्या दोन दिवसांत माझ्या हाताला जे फोड आले ते मी वर्गात मुलांना अभिमानानं दाखवले. चरात पाणी उतरू लागलं ते तांबूस, वास मारणारं. सगळी झाडं वाचली असं मी सांगणार नाही. बांधालगतची सतरा गेली, आणि प्रत्येक तोडताना मामा तिथं उभे राहिले. पण फेब्रुवारीत मावशीचा निरोप आला. निरोप म्हणजे काय, बसच्या ड्रायव्हरबरोबर तिनं संत्र्याची एक डहाळी पाठवली होती, कोवळ्या पालवीची, तिच्यावर चार पांढऱ्या कळ्या. मामांनी ती प्रयोगशाळेत नेली, काचेच्या शिशीत ठेवली, आणि शिशीवर नेहमीच्या सुबक अक्षरात चिठ्ठी लावली: कुही, हातभर खोल.

यातलं मामांनी काहीही लिहून ठेवलं नाही. मी मराठीचा मास्तर, दर सुट्टीत म्हणायचो, "मामा, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो," आणि दर सुट्टी जायची. पुढे त्याच विद्यार्थ्यानं परदेशी नियतकालिकातला एक लेख पाठवला. तिकडे अशाच रीतीचं, टोकाला रंग आणि मधे उजेडाचा दोरा असलेलं सुबक साधन तयार झालं होतं, रोग्याच्या रक्तातली हवा मोजायला. बारीक अक्षर आताशा लागत नव्हतं, म्हणून मामांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मान डोलत होती. मामींनी विचारलं, "तुमचं नाव हाये का त्यात?"

"माझं काहून राहीन? त्यायनं केलं, त्यायचं नाव." मग जरा वेळानं, खुशीत येऊन: "रक्तात घालून राहिले. मातीत बी घालतीनच कधी तरी. अक्कल येते लोकायले, वेळ लागते."

त्यांचे डोळे निवृत्तीनंतर लवकर गेले. काचबिंदू फार उशिरा कळला. तरी एका हिवाळ्यात त्यांनी मला डबा बाहेर काढायला लावला आणि आम्ही पुन्हा कुहीला गेलो. बाग उंच झाली होती. मावशी थकली होती, खाटेवर बसून होती, भावाचा आवाज ऐकून तिनं सुनेला चहा ठेवायला सांगितलं. मामा माझ्या खांद्यावर हात ठेवून चालले, बोटांनी बुंधे ओळखत. एका जुन्या झाडापाशी बसले, भोक पाडलं, दांडी सोडली. मी घोंगडं धरलं. बोटांना अजून कंप नव्हता.

"वाचा," ते म्हणाले.

काटा वर चढत होता. मी बांधाकडे पाहिलं. चरात गाळ भरला होता, वर गवत माजलं होतं. दोन-तीन वर्षं कोणी तिकडे फिरकलं नसावं. मामांचा चेहरा माझ्याकडे वळलेला, डोळे माझ्या कानाच्या जरा बाजूला रोखलेले. सगळं ठीक आहे असं म्हणणं किती सोपं होतं. म्हातारा माणूस समाधानानं चहा प्यायला असता, आणि चराचं मी परस्पर मावशीच्या मुलांना सांगितलं असतं.

मी आकडा सांगितला. खरा सांगितला.

त्यांनी दांडी उपसून घेतली. मग माझा गुडघा शोधून त्यावर थोपटलं. "बरं केलं. आजकाल मले कोनी खरा आकडा सांगत नाई. डॉक्टर बी नाई."

त्यांनी थोरल्या भाच्याला हाक मारली. तो आला, चराकडे पाहून ओशाळला आणि कुदळ घेऊन उतरला. मामांना उतरता येत नव्हतं. ते काठावर बसले, अनवाणी पाय खाली सोडून, मान थोडी तिरकी करून. कुदळ पडत होती, गाळ बाहेर येत होता. बऱ्याच वेळानं खाली कुठेतरी पाणी सुटल्याचा बारीक आवाज झाला. मला तो ऐकूही आला नव्हता, मामांना आला होता. त्यांनी हात वर करून मला गप्प राहायची खूण केली.